सकाळचे ऊन आणि मनाची उभारी



गेल्या पावसाळ्यातील एका दिवसाची गोष्ट आहे. चार दिवस सूर्याचे दर्शन झाले नव्हते. नववीच्या वर्गात व्याकरणाचा तास चालला असता मागील बाकांवरील तीन मुले डुलक्या घेत असलेली माझ्या दृष्टीस पडली. प्रसंग नित्याचाच होता. आणि अशा वेळी शिक्षकाच्या तोंडून जे शब्द बाहेर पडतात, तेच माझ्याही तोंडून पडावयाचे होते. परंतु त्यांपैकी एकाने उभे राहून अत्यंत नम्रपणे विचारले, “सर, रात्री सात तास झोपलो होतो, सकाळी न्याहारीही केली. तरी दिवसा डोळे का मिटतात, आणि कशातच मन का लागत नाही?” प्रश्न प्रामाणिक होता, आणि त्याचे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. पुढे काही ग्रंथ चाळून व विज्ञानाच्या शिक्षकबंधूंशी बोलून जे समजले, ते या वार्षिकाच्या निमित्ताने आपणा सर्वांपुढे ठेवावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उत्तर थोडक्यात सांगावयाचे तर असे: त्या मुलाचा दिवस फार अंधारा होता आणि रात्र फार उजेडाची होती. त्याची झोपही त्याच्या वयास थोडी कमीच होती. कारण तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींस आठ ते दहा तास झोप हवी असते. परंतु ही झोप वेळेवर का येत नाही व दिवसा का येते, याचेही मूळ पुष्कळ अंशी प्रकाशातच आहे.

प्रकाशाचे माप

डोळा हे मोठे समजूतदार इंद्रिय आहे. मंद उजेड असो वा लख्ख ऊन असो, बाहुली लहानमोठी करून ते आपले काम चालवून घेते. त्यामुळे खोलीतील उजेड व अंगणातील उजेड यांत किती अंतर आहे, हे आपल्या ध्यानातच येत नाही. हे अंतर मोजण्याचे माप म्हणजे ‘लक्स’ होय. एका मेणबत्तीचा उजेड एक मीटरवर जेवढा पडतो, तेवढा सुमारे एक लक्स समजावा. या मापाने पाहिले असता पौर्णिमेचे चांदणे एक लक्सही भरत नाही. रात्री दिवे लावलेल्या घरातील खोलीत पन्नास ते दीडशे लक्स असतात. बऱ्या वर्गात दोनशे ते पाचशे. उलटपक्षी, आभाळ भरून आलेले असतानाही उघड्यावर कित्येक हजार लक्स मिळतात, आणि स्वच्छ दुपारी सूर्याच्या सरळ उजेडात ही संख्या एक लक्षापर्यंत जाते.

ही माहिती पडताळून पाहावी म्हणून प्रयोगशाळेतील प्रकाशमापक यंत्र घेऊन आम्ही एके दिवशी सकाळी दहा वाजता शाळेत हिंडलो. मागील बाकावर दोनशेच्या आत, खिडकीलगत आठशेच्या आसपास, व्हरांड्यात चार हजारांवर आणि मैदानात, ढग असतानाही, पंधरा हजारांहून अधिक असे आकडे मिळाले. ज्या मुलाने प्रश्न विचारला होता त्यानेच यंत्र हाती धरले होते. मैदानातील आकडा पाहून तो म्हणाला, “सर, म्हणजे आम्ही दिवसभर रात्रीतच बसतो की!” शास्त्रीय दृष्ट्या हे वाक्य थोडे अतिशयोक्तीचे असले, तरी फारसे चुकीचे नाही.

शरीरातील घड्याळ

आता हा उजेड कमी पडला म्हणून झोपेचे व मनाचे काय बिघडते, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी आपणास १७२९ सालापर्यंत मागे जावे लागेल. द मेराँ या नावाच्या फ्रेंच विद्वानाने लाजाळूचे एक झाड अंधाऱ्या जागी ठेवून पाहिले. लाजाळूची पाने दिवसा उघडतात व रात्री मिटतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. सूर्य दिसेनासा झाल्यावरही त्या झाडाची पाने आपल्या नेहमीच्या वेळी उघडत व मिटत राहिली. यावरून असे दिसून आले की, दिवसरात्रीचा हिशेब ठेवणारे काही तरी त्या झाडाच्या आतच आहे.

असेच घड्याळ आपल्याही शरीरात आहे. दोन्ही डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू मेंदूच्या तळाशी जेथे एकमेकांस ओलांडतात, त्याच्या किंचित वर पेशींचे दोन लहानसे पुंजके आहेत. त्यांतील पेशी अवघ्या वीस हजारांच्या आसपास. परंतु झोप केव्हा यावी, शरीराचे तापमान केव्हा चढावे व केव्हा उतरावे, भूक केव्हा लागावी, हे सर्व वेळापत्रक तेथून चालते. प्रत्येक पेशीच्या आत हे घड्याळ कसे चालते, याचा शोध लावल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या घड्याळात एक खोड आहे. बहुतेक मनुष्यांत त्याचा फेरा बरोबर चोवीस तासांचा नसून काही मिनिटांनी अधिक असतो. म्हणजे त्याला रोज कोणी तरी थोडे पुढे सारून वेळेवर आणले पाहिजे; नाही तर ते दररोज मागे पडत जाईल. हे काम सकाळचा प्रकाश करतो. तरुण वयात हे घड्याळ स्वभावतःच मागे रेंगाळते. म्हणून रात्री बारापर्यंत झोप न येणारा व सकाळी हाका मारूनही न उठणारा मुलगा दर खेपेस आळशीच असतो असे नाही, हे पालकांनी लक्षात घ्यावे.

प्रकाशाची ही वार्ता घड्याळापर्यंत पोहोचते कशी? पूर्वी अशी समजूत होती की, दृष्टिपटलावर पाहण्याच्या कामी येणाऱ्या दोनच प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी आहेत. परंतु १९९८ साली प्रॉव्हेन्सिओ व त्यांच्या सहकाऱ्यांना बेडकाच्या त्वचेत एक नवे प्रकाशग्राही द्रव्य सापडले. आणि २००२ साली बर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, दृष्टिपटलावर तिसऱ्या प्रकारच्याही काही पेशी स्वतः प्रकाश ओळखतात. त्यांचे काम चित्र पाहण्याचे नव्हे. ‘आता दिवस आहे’ एवढाच निरोप घड्याळाकडे नेण्याचे. निळसर प्रकाशाने त्या विशेष जागृत होतात, आणि त्यांना उजेड भरपूर व बराच वेळ लागतो. खोलीतील दोनशे लक्स पुस्तक वाचावयास पुरेसे आहेत. या निरोप्याला ते अपुरे पडतात.

निरोप पोहोचला म्हणजे दोन गोष्टी घडतात. पहिली तत्काळ: मेंदूतील जागृतीचे भाग उत्तेजित होतात व गुंगी उतरते. दुसरी दूरची: घड्याळ वेळेवर येते आणि त्यामुळे त्या रात्री ‘मेलॅटोनिन’ नावाचा रात्रसूचक रस योग्य वेळी पाझरू लागतो. हा रस १९५८ साली प्रथम वेगळा करण्यात आला. तो पाझरू लागला की शरीरास रात्र झाल्याचे कळते. सकाळचा प्रकाश रात्रीची झोप जवळ आणतो, आणि रात्री उशिराचा तीव्र प्रकाश तीच झोप दूर लोटतो. एकाच औषधाचा वेळेप्रमाणे असा उलट गुण यावा, ही निसर्गातील एक विलक्षण गोष्ट होय.

प्रकाशोपचाराचा जन्म

या ज्ञानाचा उपयोग रोग्यांसाठी प्रथम झाला तो थंड देशांत. १९८० साली अमेरिकेत अल्फ्रेड लुई व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सिद्ध केले की, मनुष्यातही तीव्र प्रकाशाने मेलॅटोनिनचे पाझरणे थांबते. मात्र त्यांच्या प्रयोगात त्यासाठी घरातला साधा दिवा पुरला नाही, सुमारे अडीच हजार लक्स लागले. पुढे नॉर्मन रोझेन्थाल या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली दरवर्षी हिवाळ्यात येणाऱ्या व वसंतात जाणाऱ्या उदासीनतेचे वर्णन प्रसिद्ध केले. रोझेन्थाल हे मूळचे दक्षिण आफ्रिकेतील; उन्हाच्या देशातून उत्तरेकडील हिवाळ्यात आल्यावर आपली स्वतःची उमेद मावळते, हे त्यांनी अनुभविले होते. अशा रोग्यांना तीव्र प्रकाशाच्या दिव्यापुढे बसविले असता पुष्कळांस आराम पडला. पुढे या उपचाराची रीत ठरून गेली ती अशी: दहा हजार लक्सचा, डोळ्यांस अपायकारक किरण गाळून घेतलेला दिवा हातभर अंतरावर ठेवावा, आणि सकाळी उठल्यावर लवकरच अर्धा तास त्याच्यासमोर बसून वाचन अथवा न्याहारी करावी. दिव्याकडे टक लावून पाहावयाचे नसते. उजेड डोळ्यांवर पडला म्हणजे झाले.

हिवाळ्याशी संबंध नसलेल्या नैराश्यावरही याचा गुण येतो की काय, हे पाहण्यासाठी कॅनडात एक काटेकोर परीक्षण झाले व त्याचा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात १२२ रोगी आठ आठवडे निरीक्षणाखाली होते. काहींना प्रकाश, काहींना गोळी, काहींना दोन्ही, आणि काहींना केवळ दिखाऊ उपचार देण्यात आला. दिखाऊ उपचारापेक्षा प्रकाशाने अधिक गुण आला, आणि प्रकाश व गोळी ही दोन्ही ज्यांना मिळाली त्यांचीही प्रगती चांगली झाली. तात्पर्य, हा उपचार म्हणजे भोळी समजूत नव्हे. वैद्यकात त्याला स्थान आहे.

वऱ्हाडात हा प्रश्न कसा?

येथे एखादा पालक विचारील की, उत्तर नॉर्वेतील ट्रोम्सो शहरी हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवत नाही, तेथे दिवे लावोत बापडे. आमच्या अमरावती-अकोल्यात उन्हाची काय वाण आहे? आक्षेप रास्त आहे. अमरावतीस वर्षातील सर्वांत लहान दिवसही पावणेअकरा तासांहून थोडा अधिक असतो, आणि सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा. उत्तरेकडील हिवाळी उदासीनता आपल्या भागात मोठ्या प्रमाणावर असण्याचे कारण नाही. ज्यांचे मुलगे-मुली लंडन वा टोरांटोसारख्या ठिकाणी राहतात त्यांनी मात्र पहिल्या हिवाळ्यात मुलांची चौकशी थोडी अधिक करावी.

परंतु आभाळात ऊन असणे निराळे आणि ते आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचणे निराळे. आपल्या वऱ्हाडातील ऊन इतके प्रखर, की त्यानेच आपल्याला अंधारात बसावयास शिकविले आहे. जुन्या वाड्यांच्या जाड मातीच्या भिंती, लहान खिडक्या, माळवदे ही सर्व उन्हाशी केलेली तडजोड होती. वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांकडे गेला म्हणजे दारे लावून, पडदे सोडून घरात काळोख करणे हेच शहाणपण. पूर्वी वाळ्याच्या ताट्या होत्या, आता कूलर आहेत. आणि कूलर बसवावयाचा तो घरातील एकमेव मोठ्या खिडकीत! उन्हाळा सरला तरी पुष्कळ घरी तो तेथेच राहतो व खिडकी बारा महिने बंद होते.

जुन्या चालीत मात्र या अंधाराची भरपाई आपोआप होत असे. उन्हाळ्यात घरची मंडळी अंगणात बाजा टाकून किंवा छतावर निजत. उजाडताच प्रकाश तोंडावर येई व जाग येई. सडासारवण, पाणी भरणे, गुरे सोडणे ही सर्व कामे कोवळ्या उन्हात होत. दुपारी काळोखात पडले तरी सकाळचा निरोप घड्याळास पोहोचलेला असे. आता आपण बंद खोलीत निजतो. जानेवारीत आपल्याकडे सूर्योदय सकाळी सातच्या सुमारास होतो. कित्येक विद्यार्थी त्यापूर्वीच अंधारात शिकवणीस जातात, तेथून ट्यूबलाइटखाली, तेथून शाळेत, आणि सायंकाळी पुन्हा शिकवणीस. सुटीच्या दिवशी दहाला उठून पडद्याआड मोबाइल पाहतात. पावसाळ्यात, विशेषतः चिखलदऱ्यासारख्या सुमारे अकराशे मीटर उंचीच्या ठिकाणी, दिवसच्या दिवस धुक्यात जातात हे खरे. परंतु ती वर्षातील थोड्या आठवड्यांची गोष्ट. आपला खरा अंधार आभाळाचा नसून घराचा व सवयीचा आहे.

काय करावे, काय टाळावे

यावरचा उपाय खर्चाचा नाही. उठल्यापासून तासाभराच्या आत, सूर्य वर आल्यावर, अर्धा तास उघड्यावर घालवावा. चालावे, झाडांना पाणी घालावे, अंगणात बसून पाठांतर करावे. काहीही करावे, पण छपराबाहेर करावे. सूर्यासमोर उभे राहण्याची आवश्यकता नाही. झाडाच्या सावलीतही वर्गाच्या अनेक पटींनी उजेड असतो. आभाळ भरलेले असेल तर अर्ध्या तासाचा एक तास करावा. अंगण नसेल तर छत, छत नसेल तर पूर्वेची खिडकी उघडून तिच्या अगदी लगत बसावे. वर्गात शक्य तेवढे पडदे दूर सारावेत, आणि मधल्या सुट्टीत कोणीही वर्गात बसून राहू नये.

रात्री याच्या उलट वागावे. निजण्यापूर्वी दोन तास मोठे दिवे मालवून लहान, पिवळसर दिवा ठेवावा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. मोबाइलचा उजेड फार नसतो हे मान्य. पण त्यातील मजकूर मनाला जागे ठेवतो, आणि दोन्ही मिळून झोपेचा तास पुढे ढकलतात. सुटीच्या दिवशीही उठण्याची वेळ फारशी बदलू नये.

आता सावधगिरीच्या गोष्टी. सूर्याकडे सरळ कधीही पाहू नये. त्याने दृष्टिपटलास कायमची इजा होते. एप्रिल-मे महिन्यांत हा अर्धा तास आठ वाजण्यापूर्वीच उरकावा. ऊन लागणे हा आपल्याकडे प्राणावर बेतणारा प्रकार आहे, व त्याच उन्हामुळे विदर्भातील शाळा राज्यातील इतर शाळांहून उशिरा, जूनच्या अखेरीस, उघडतात. ज्यांस डोळ्यांचा विकार आहे, जे उन्हाची बाधा वाढविणारी औषधे घेतात, किंवा ज्यांस कधी अतिउत्साहाचा मनोविकार झाला आहे, त्यांनी विकतचा उपचार-दिवा डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून मुळीच वापरू नये. तीव्र प्रकाशाने अशा रोग्यांत उन्माद उसळण्याचा संभव असतो.

आमच्या वर्गातील बारा विद्यार्थ्यांनी गेल्या हिवाळ्यात पंधरा दिवस हा नेम पाळून रोजची टिपणे ठेविली. आठ जणांनी रात्री झोप लवकर येऊ लागल्याचे लिहिले, दोघांस काही फरक वाटला नाही, आणि दोघांनी नेम मध्येच सोडला. याला शास्त्रीय पुरावा म्हणता येणार नाही, हे मी त्यांनाही सांगितले. कारण चांगले वाटावे अशी इच्छा असली म्हणजे चांगले वाटू लागते. तरीपण स्वतःवर निरीक्षण करून खरे ते लिहिण्याची सवय लागली, हाही लाभ लहान नव्हे.

रंगीत दिव्यांची भूल

जेथे खरा गुण असतो तेथे खोटे दुकानही थाटले जाते. १८७३ साली मुंबईत जन्मलेले दिनशा घडियाली अमेरिकेत जाऊन स्थायिक झाले व १९२० साली त्यांनी निरनिराळ्या रंगांच्या काचांतून प्रकाश पाडणारे एक यंत्र काढले. त्या रंगीत प्रकाशाने नाना तऱ्हेचे रोग बरे होतात, असा त्यांचा दावा होता. हजारो लोकांनी विश्वास ठेविला. अखेर १९४७ साली अमेरिकेतील न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. आजही अमुक रंगाच्या दिव्याने स्मरणशक्ती वाढते, तमुक दिव्याने परीक्षेत यश येते, अशा जाहिराती दिसतात. त्यांवर पैसा खर्च करण्यापूर्वी एवढेच विचारावे: हे कोणी, किती जणांवर, आणि दिखाऊ उपचाराशी ताडून पाहिले आहे काय? उत्तर नसेल तर पैसा खिशातच राहू द्यावा. सकाळचे ऊन फुकट आहे.

जेथे ऊन पुरत नाही

आता लेखातील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. मनाची मरगळ निराळी आणि नैराश्याचा रोग निराळा. मरगळीला ऊन, झोप व व्यायाम पुरतात. रोगाला डॉक्टर लागतो.

हा भेद मला फार उशिरा कळला. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक हुशार मुलगा होता. तो हळूहळू गप्प झाला, खेळ सोडला, गृहपाठ सोडला, डबा न खाता परत नेऊ लागला. मी त्यास आळशी म्हटले. एकदा नव्हे, कित्येकदा, आणि चारचौघांत. घरच्यांनीही तेच म्हटले. त्याच्या एका मावशीला शंका आली आणि तिने त्यास डॉक्टरांकडे नेले, म्हणून तो वाचला. काही महिन्यांच्या उपचाराने तो बरा झाला व आज आपल्या पायांवर उभा आहे. तो मला भेटतो तेव्हा आदराने नमस्कार करतो. त्या नमस्काराचे मला ओझे वाटते.

आपल्या प्रदेशात या गोष्टीचे गांभीर्य कोणास सांगावयास नको. वऱ्हाडातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी किती घरांतील दिवे विझले आहेत! शेतकरी तर दिवस उगवल्यापासून उन्हातच असतो. त्याच्या दुःखाचे मूळ प्रकाशाच्या अभावात नसून कर्जात, कोरडवाहू शेतीच्या बेभरवशात आणि एकटेपणात आहे. त्यास ‘सकाळी फिरावयास जा’ असे सांगणे ही क्रूर थट्टा होईल. त्यास पाहिजे ते न्याय्य दाम, शेजाऱ्याचा आधार आणि वेळेवर मिळणारा उपचार.

असा उपचार गावापर्यंत नेता येतो, हे आपल्याच अमरावती जिल्ह्यात दिसून आले आहे. ‘विश्राम’ या नावाचा एक उपक्रम जिल्ह्यातील ३० गावांत चालविण्यात आला. गावातीलच साध्या माणसांना शिकवून तयार केले. त्यांनी घरोघर जाऊन मनाच्या आजाराविषयी मोकळेपणी बोलावे, आणि गरज असेल त्यास समुपदेशकाकडे वा डॉक्टरांकडे पोहोचवावे, अशी योजना होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालातील आकडे बोलके आहेत. आरंभी नैराश्य असलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम चार जण उपचारासाठी कोणाकडे गेलेले होते. अठरा महिन्यांनंतर हे प्रमाण सत्तावीसवर गेले. तरीही त्र्याहत्तर उरलेच. ते आपल्या गल्लीत, आपल्या नात्यात, कदाचित आपल्या घरातही असतील.

म्हणून पालकांस माझी विनंती आहे. मूल सतत दोन आठवडे उदास वा चिडचिडे राहिले, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी त्याला नकोशा झाल्या, झोप व भूक बिघडली, ‘मी कोणास नकोसा आहे’ असे शब्द त्याच्या तोंडून निघाले, तर त्यास आळशी म्हणू नका, लोक काय म्हणतील याचा विचार करू नका, डॉक्टरांस दाखवा. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा वा रात्री केव्हाही फोन करून आपल्या भाषेत सल्ला घेता येतो. आणि विद्यार्थिमित्रांनो, मनातील अंधार सांगावयास लाज वाटू देऊ नका. घरी सांगणे जड जात असेल तर तुम्हांस विश्वासाचे वाटणाऱ्या एखाद्या शिक्षकास सांगा.

कोणी म्हणेल की, श्रद्धावंताने अशा वेळी प्रार्थना करावी, औषध कशास? मी प्रार्थनेवर विश्वास ठेवणारा मनुष्य आहे. म्हणूनच राजांच्या पहिल्या ग्रंथातील एलीया संदेष्ट्याची हकीकत पुन्हा वाचण्याची शिफारस करतो. एवढा मोठा देवभक्त, पण रानात रतामाच्या झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. देवाने त्यास दूषण दिले नाही. आधी त्यास झोपू दिले. मग दूताकरवी भाकर व पाणी दिले. पुन्हा झोपू दिले. पुन्हा खाऊ घातले. उपदेशाचे शब्द पुष्कळ पुढे आले. खचलेल्या मनुष्याच्या शरीराची काळजी घेणे हेही देवाचेच काम आहे, हे याहून स्पष्ट कोठे सांगितले असेल?

शेवटी त्या पावसाळी दिवसाकडे वळतो. प्रकाशमापक घेऊन हिंडल्यानंतर आमच्या वर्गाने मुख्याध्यापकांस एक अर्ज दिला, की सकाळची प्रार्थना सभागृहाऐवजी मैदानातील निंबाच्या झाडांजवळ व्हावी. अर्ज मंजूर झाला. पाऊस असेल ते दिवस सोडून आता आपण सर्वजण रोज सकाळी पंधरा मिनिटे उघड्यावर उभे असतो. पंधरा मिनिटे म्हणजे अर्धाच नेम झाला. उरलेली पंधरा मिनिटे प्रत्येकाने घरून चालत येताना भरून काढावीत. आणि रांगेत उभे असताना आपल्या शेजारचा सोबती आज कसा आहे, हेही एकदा त्याच्या तोंडाकडे पाहून समजून घ्यावे. उजेड त्यासाठीही आहे.